गोट्या आणणाऱ्या काकांचं पत्र

प्रति,
मराठी वाहिन्यांवर कोणती मालिका किती वाजता लावायची हे ठरवणारी समस्त मंडळी
(सह्याद्री वाहिनी धरून)

विषय : मुलांचा अर्धा तास परत मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून थोडं आत, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. पाटीवर अजून तसं लिहिलंय म्हणून म्हणायचं. टीव्ही उघडून दुरुस्त करायचे दिवस सरले. हल्ली पॅनल गेलं की लोक टीव्ही भंगारात देतात आणि हप्त्यावर नवा आणतात. माझं पोट आता डिश बसवणं, सीसीटीव्ही आणि होमस्टेवाल्यांचे गिझर यांवर आहे. पण पस्तीसेक वर्षं खाडीच्या दोन्ही अंगांच्या कौलांवर मी चढलोय. तुम्ही वरून जे सोडता ते खाली कुठे आणि कोणापुढे पडतं, हे मी बघितलंय.

पत्राला निमित्त असं झालं. दिवाळीच्या सुमाराला एका होमस्टेत सेट टॉप बॉक्स बदलायला गेलो होतो. चॅनेल लागतात का बघताना तुमच्यापैकी कोणाचा तरी पुरस्कार सोहळा लागला. स्टेजवर एक गृहस्थ उभे, चाळिशीकडे झुकलेले, कपाळ वर सरकलेलं, सूट पोटावर घट्ट. मागच्या मोठ्या पडद्यावर त्यांचाच आठ-नऊ वर्षांचा फोटो. निवेदिकेने आग्रह केला, "ते वाक्य म्हणा ना, त्याच आवाजात!" गृहस्थ आधी हसले, मग घसा साफ करून बारीक आवाजात म्हणाले. टाळ्या झाल्या, जाहिराती लागल्या. जाहिराती संपल्यावर स्टेजवर दुसरंच कोणीतरी नाचत होतं.

होमस्टेत उतरलेलं पुण्याचं जोडपं तिशी-पस्तिशीतलं होतं. "आई गं, आमचं लहानपण!" म्हणून त्या बाईंनी अक्षरशः छातीवर हात ठेवला. त्यांचा सहा-सात वर्षांचा मुलगा कोपऱ्यात फोन घेऊन बसला होता. त्याने मान वर केली, स्टेजकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि परत फोनमध्ये घातली. त्याच्यासाठी तिथे काही नव्हतंच.

रिमोट त्यांच्या हातात देऊन मी बाहेर पडलो. घरी येईपर्यंत गाडीवर डोक्यात जो हिशेब चालू झाला, तो तुमच्यापुढे मांडतो.

माझ्याकडे तक्रारींच्या वह्या आहेत. तारीख, घर, तक्रार, पैसे असे चार रकाने. घराच्या रकान्यात नावापेक्षा खूण जास्त, 'पाखाडीच्या वरचे', 'पिंपळाजवळचे', 'मुंबईकर, फक्त मे महिना'. तक्रारी ठरलेल्या. मुंग्या येतात. आवाज आहे, चित्र नाही. चित्र वर सरकतं. एकाची दोन माणसं दिसतात. आमच्याकडे अँटेनाचं तोंड मुंबईकडे आणि मधे नुसता समुद्र नि डोंगर, त्यामुळे बूस्टर लावल्याशिवाय काही दिसायचं नाही. त्यात ही खारी हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्यांवर पांढरी भुकटी धरते, तांब्याच्या वायरीला हिरवं किटण चढतं, आणि चांगली बसवलेली अँटेना दोन पावसाळ्यांत मुंग्या दाखवायला लागते. एप्रिल-मेमध्ये दर्यावरची हवा तापली की भलतीच स्टेशनं लागत. एकदा एका आजीबाईंच्या पडद्यावर अरबी अक्षरं आली. त्यांनी मला घाईने बोलावून विचारलं, "नारळ ओवाळून टाकू काय रे?" म्हटलं, "टाका, पण आधी बूस्टर बंद करा."

तर या वह्या मी दिवाळीनंतर चाळल्या. मोठ्या माणसांचा निरोप असायचा, 'सवडीने ये'. बातम्या दिसल्या नाहीत म्हणून माझ्याकडे कोणी धावत आलेलं मला आठवत नाही. धावत यायची ती पोरं, आणि वेळ सांगून यायची. "काका, गोट्या लागायच्या आधी या हां." चौथ्या रकान्यात पैशांच्या जागी कुठे 'चार शहाळी', कुठे 'आमसुलं पाव किलो', एका ठिकाणी 'कोंबडीचं पिल्लू (परत केले)' असं लिहिलंय.

'गोट्या' ही ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची मालिका. राजदत्तांनी केलेली, अशोक पत्कींचं संगीत, आणि गोट्या झाला होता जॉय घाणेकर. हे तुम्हाला माहीत असणार. माहीत नसेल ते मी सांगतो.

खाडीपलीकडच्या एका वाडीत तेव्हा टीव्ही एकच होता, निवृत्त गुरुजींच्या घरी. ओटी आणि पडवी मिळून पंचवीस-तीस पोरं. पुढे बसलेल्यांनी डोकं खाली ठेवायचं, मधल्यांनी मांडी घालायची, मोठ्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं, असा गुरुजींचा नियम. एका संध्याकाळी वाऱ्याने अँटेना फिरली होती आणि मी कौलांवर होतो. कौलारू छपरावर काम करणं म्हणजे पाय कुठे टाकायचा तेवढंच बघायचं. वासा जिथे आहे तिथेच टाकायचा, नाहीतर नळा फुटून खाली माजघरात. एका हातात पाइप धरून मी इंच-इंच फिरवतोय आणि खालून पोरांचा कोरस चाललाय. "आलं... आलं... आलं... गेलं!" परत उलटा फिरवला. "आलं! काका हलू नका! तस्सेच राहा!"

मी तस्साच राहिलो, कारण पाइपाचा क्लॅम्प तुटला होता आणि हात सोडला की चित्र जायचं. अख्खा भाग मी छपरावर पाइप धरून काढला. दिसत काही नव्हतं, फक्त खालून ऐकू येत होतं. शीर्षकगीताला सगळी एका सुरात, मग चिडीचूप, मग एकदम हशा. मधे एकदा बराच वेळ आवाज नाही म्हणून मी ओरडलो, "गेलं काय?" तर गुरुजींचाच आवाज आला, "गप रे, रडतंय ते पोर." तिथून माझं नाव पडलं, गोट्या आणणारे काका. पुढे त्या वाडीत घरोघरी टीव्ही आले, रंगीत आले, तरी ते नाव गेलं नाही. आजही एसटीत एखादी पस्तिशी-चाळिशीतली बाई मुलाला म्हणते, "हे बघ, गोट्या आणणारे काका." मुलगा विचारतो, "गोट्या कोण?"

त्याच्या आधी मी शिकाऊ असताना 'मालगुडी डेज' होतं. कर्नाटकातल्या आगुंब्याला चित्रीकरण झालेलं. तिथला पाऊस, लाकडी खांबांचे ओटे, ओल्या वाटा बघून आमची माणसं पैजेवर सांगायची की हे चिपळूणकडेच कुठेतरी घेतलंय. स्वामी झालेला मंजुनाथ मोठेपणी अभिनय सोडून दुसऱ्या नोकरीधंद्याला लागला. सुमीत राघवन तेव्हा फास्टर फेणे होता, तो मात्र या धंद्यात टिकला. मग १९९३ ला रविवारी सकाळी मोगली आला. कार्टून जपानी, बोलणं हिंदी, आणि शेरखानाला आवाज नाना पाटेकरांचा. नाना मुरुड-जंजिऱ्याचे, म्हणजे इथून होडीच्या अंतरावरचेच. त्यामुळे आमच्याकडची पोरं वाघाला घाबरत नव्हती, 'आपला वाघ' म्हणायची. शक्तिमानच्या वेळी भारनियमन सुरू झालं की वायरमनच्या दारात पोरांचा मोर्चा. एकाने त्याला म्हणे शाप दिला होता. तो वायरमन अजून हयात आहे, तब्येत ठणठणीत.

दोन हजार सालाच्या आसपास बाजारपेठेत केबल आली. वाड्यांवर आली नाही. आमच्याकडे घर आणि घर यांच्यात आगर, गडगा, वहाळ. केबलवाल्याला वायर परवडत नाही. मग वरच्या वाडीची पोरं शाळा सुटल्यावर बाजारातल्या नातेवाइकांकडे रेंगाळायची. माझी मुलगी त्यांतलीच. 'सोनपरी' तिचा जीव की प्राण. मृणाल कुलकर्णी परी, अशोक लोखंडे अल्टू आणि तन्वी हेगडे फ्रूटी. 'शका लाका बूम बूम'मध्ये किंशुक वैद्यच्या हातात ती जादूची पेन्सिल, काढलेलं चित्र खरं करणारी. एके दिवशी माझा लाइन टेस्टर गायब झाला. दोन दिवस शोधला. सापडला तो परसात. माझी मुलगी आणि शेजारची दोन पोरं न्हाणीघराच्या भिंतीवर त्याच्या टोकाने चॉकलेटं कोरत बसलेली. टेस्टरच्या मुठीत निऑनचा दिवा असतो ना, लाल पेटणारा, त्यामुळे तीच जादूची पेन्सिल असणार अशी त्यांची खात्री. चॉकलेटं काही झाली नाहीत. मी चिडून तो हिसकावला तेव्हा तिचं उत्तर होतं, "बाबा, हा फक्त मोठ्यांसाठीच पेटतो का?" ती चॉकलेटं भिंतीवर अजून आहेत. रंग काढताना मी तेवढा तुकडा सोडून देतो.

आता खरं सांगायचं तर त्यांतलं बरंचसं कच्चं काम होतं. जादू म्हणजे माणूस एकदम नाहीसा आणि मागे 'टिंग' असा आवाज. सेटवरची भिंत हलताना दिसायची. 'स्मॉल वंडर' हिंदीत लागायचं, त्यातली रोबो मुलगी विकी प्रत्येक भागात तोच एक विनोद करायची, सांगितलेल्या शब्दाचा सरळ अर्थ घ्यायची. आमच्या शाळेच्या पटांगणात महिनोन्महिने निम्मी पोरं विकीसारखी ताठ चालत आणि एकसुरी बोलत होती. मास्तरांना वाटलं साथ आलीय.

पण विकीची एक गोष्ट मला यंत्रवाला म्हणून फार भावते. अमेरिकेत ती मालिका १९८५ ते १९८९ चालली. टिफनी ब्रिसेट ही लहान मुलगी रोबो झाली होती. आता चार वर्षांत मुलगी वाढणारच. रोबो कसा वाढेल? तर लिहिणाऱ्यांनी काय केलं, तिच्या बापाने, म्हणजे ज्याने ती बनवली त्याने, तिच्यात सुधारणा केली असं दाखवलं. चेहरा मोठा केला, कपडे बदलले. म्हणजे मुलगी वाढतेय हे त्यांनी गोष्टीतच सामावून घेतलं. पुढे २००३ ला आपल्याकडे त्यावरून 'करिश्मा का करिश्मा' आली, त्यात झनक शुक्ला. मोठेपणी टिफनी परिचारिका झाली आणि झनक पुरातत्त्वाकडे वळली. एकीने माणसं जपायची आणि दुसरीने जमिनीतली खापरं, हे मला जाम आवडलं. या दोघींना कोणी स्टेजवर उभं करून 'रोबोसारखं बोल ना' म्हणत असेल तर त्यांनी खुशाल उठून जावं.

आणि तुमच्या मालिकांत मूल वाढायला लागलं की तुम्ही काय करता? लीप आणता. शुक्रवारी सहा वर्षांची चिमुरडी झोपते, सोमवारी ती पंचवीस वर्षांची होऊन साडी नेसून उठते. सगळ्या घराला ती ओळखू येते, आम्हालाच येत नाही. त्या सहा वर्षांच्या पोरीचं काम शुक्रवारी संपलेलं असतं. दीड वर्ष रोज जिला बघितलं ती कुठे गेली हे कोणी सांगत नाही. पंधरा-वीस वर्षांनी तीच तुमच्या सोहळ्यात फोटोपुढे उभी राहणार. तोपर्यंत तुमच्या मालिकेतल्या मुलांना कामं तीन. हरवायचं, आजारी पडायचं, नाहीतर भांडणाऱ्या आईबापांच्या मधे उभं राहून टकामका बघायचं. मूल मालिकेत आहे, पण मालिका मुलासाठी नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेतले लिटल चॅम्प्स विसरलात का? नाही विसरलो. २००८-०९ चा तो हंगाम विसरणं आम्हाला शक्यच नाही. पाचांतली दोन कोकणची, आरवलीचा प्रथमेश लघाटे आणि अलिबागची मुग्धा वैशंपायन. माझ्या दुकानात रिचार्ज मिळायचा. एसएमएस करायचे म्हणून मासे विकून थेट येणाऱ्या बायका मला आठवतात, पदराला बर्फाचं पाणी लागलेल्या. "दहाचा मार, प्रथमेशसाठी." कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हाही इथे फटाके वाजले. मुलं गोड होती, गाणं सच्चं होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यानंतर तुम्ही मुलांचा जो काही कार्यक्रम केलात तो शर्यतीचा केलात. नाच, विनोद, गाणं, सगळ्याला मार्क आणि सगळ्याला कोणीतरी बाहेर पडून रडणार. ते मोठ्यांनी बघायचे कार्यक्रम आहेत. पोरांना दुसऱ्या पोराला मार्क मिळताना बघण्यात काय गंमत? शाळेत रोज तेच चालतं.

कोकणाबद्दल एक बोलून घेतो, मग परत विषयाकडे. २०१६ ला 'रात्रीस खेळ चाले' आली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा बघायला गाड्या भरभरून माणसं आली. मग 'गाव गाता गजाली', तीही तळकोकणातलीच. दोन्ही आम्ही आवडीने बघितल्या. पण तेव्हापासून तुमच्या मुंबईच्या ऑफिसात कोकण म्हणजे वाडा, कंदील, कावळा आणि वेडसर म्हातारी असं काहीतरी पक्कं बसलंय. अहो, इथे पोरंसुद्धा असतात. ओहोटीला कालवं काढायला जातात, आजोबांची होडी पळवतात, पावसात पाखाडीवरून घसरत शाळेत जातात, गणपतीत भजनाला पेटी वाजवतात. भुतांपेक्षा त्यांचे उद्योग जास्त भयंकर आहेत.

असं एक पोर तुमच्यासारख्याच एका युनिटच्या हाती लागलं होतं. नाव घेत नाही, मालिका बंद पडून वर्षं झाली. चार दिवसांचं शेड्यूल होतं आणि जनरेटरच्या वायरी ओढायला मला घेतलं होतं. गर्दीत उभी करायला म्हणून वाडीतली सात वर्षांची एक मुलगी सकाळी आठला आणली. दुपारी कोणालातरी तिचा चेहरा आवडला आणि तिला एक शॉट मिळाला. दारात बसून रडायचं, एवढंच. रात्री नऊपर्यंत तिचा नंबर लागला नाही. मधे वडापाव, परत वडापाव. नऊला लाइट लागले, तिला दारात बसवलं आणि ती रडेना. ग्लिसरीन लावलं तर डोळे चोळायला लागली. सगळे वैतागले. मग एक असिस्टंट तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुझी बकरी आहे ना, पांढरी? ती आत्ता आमच्या गाडीखाली आली."

त्याला वाटलं ती रडेल. ती उठली आणि पळाली. कॅमेऱ्यासमोरून, ट्रॅक ओलांडून, माझ्या वायरीवरून उडी मारून, अंधारात सरळ पाखाडीने वर. मागून दोन स्पॉटबॉय आणि तिची मावशी. घरापर्यंत अर्धा मैल असेल. मी बॅटरी घेऊन पोचलो तेव्हा ती गोठ्यात बकरीच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. बकरी रवंथ करत होती. खाली लाइट जळत होते आणि कोणीतरी भोंग्यावरून ओरडत होतं. ती परत गेली नाही. त्यांनी दारात एक कंदील ठेवून शॉट घेतला.

हे मी माझ्या मुलीला फोनवर सांगितलं. तेव्हा तिने मला असा नियम आहे हे सांगितलं, मला तोवर पत्ता नव्हता. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ ला त्याचे नियम आले. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. जिथे चित्रीकरण तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मिळकतीतला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध काहीही नाही. आमच्या वाडीत त्यातलं काहीही झालं नाही. तिला मिळाले दोनशे रुपये, ते मावशीच्या हातात, आणि कागद कसलाच नाही. मोठ्या शहरात, नाव असलेल्या मुलांच्या बाबतीत तुम्ही नियम पाळत असाल. गावच्या पोराला एका दिवसासाठी उचलता तेव्हाही तोच कायदा असतो.

आता मूळ मागणीवर येतो.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि दूरदर्शनने जुन्या मालिका परत काढल्या. 'रामायण' लागलं, एप्रिलमध्ये 'शक्तिमान'ही लागलं. माझ्याकडे आठ-दहा वर्षांनी पहिल्यांदा पोरं आली, तोंडाला रुमाल बांधून आणि तशीच वेळ सांगत, "काका, एकच्या आधी करा हां." फोन होते त्यांच्याकडे. तरी ठरलेल्या वेळी ओटीवर गोळा होत होती, कारण ते सगळ्यांना एकाच वेळी दिसत होतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तेच खेळता येत होतं. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, आणि मी बसवलेल्या डिश कुठे कुठे उडाल्या याचा मेळच लागेना. वाडीतला एक पोरगा पडलेल्या पोफळींतून वाट काढत एक डिश डोक्यावर घेऊन आला, छत्रीसारखी. म्हणाला, "ही आमची नाहीये, पण लावून द्या." कित्येक आठवडे वीज नव्हती. त्याला ते ठाऊक होतं.

म्हणून 'मुलं आता टीव्ही बघत नाहीत' हे तुमचं उत्तर मला पटत नाही. मुलांसाठी काही लावतच नाही आणि मग म्हणायचं मुलं बघत नाहीत. आमच्या वाडीत रेंज येते ती देवळाच्या तिसऱ्या पायरीवर. संध्याकाळी तिथे पाच-सहा पोरं एका फोनभोवती असतात. फोन ज्याचा, ठरवणार तो. बहुतेक वेळा कोणीतरी हिंदीत किंचाळत गेम खेळत असतो आणि ही त्याला खेळताना बघतात. ज्याला दिसत नाही तो मागून विचारतो, "काय झालं रे?" आणि कोणी सांगत नाही.

तर मागायचं ते एवढंच. आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, मराठीत, मुलांसाठी अर्धा तास. शर्यत नको, परीक्षक नको. गोष्ट हवी आणि हसू हवं. सेटची भिंत हलली तरी चालेल. त्यातली मुलं वर्षावर्षाने वाढली तर वाढू द्या, त्यांचा आवाज फुटू द्या, दात पडू द्या, गोष्ट त्यांच्याबरोबर पुढे न्या. कोकणातलं एखादं पोर घेणार असाल तर आधी कागद करा. मोठ्यांच्या मालिका अर्ध्या तासाने पुढे सरकल्या तर आमच्याकडच्या सुना-सासवा मरणार नाहीत, मी विचारून बघितलंय. जाहिरात मिळणार नाही म्हणाल तर बिस्किटवाले, वह्यावाले, छत्रीवाले कुठे गेले? तेवढं मला नाही पटत.

सह्याद्रीला वेगळं सांगायचंय. तुमच्याकडे अजून जे काही शिल्लक आहे, मुलांच्या 'किलबिल' कार्यक्रमाचं असो की आणखी कशाचं, ते लावा. त्या काळी टेपा महाग, म्हणून जुन्यावरच नवीन भरायची रीत होती. त्यात बरंच गेलं, त्याला आता इलाज नाही. पण उरलेल्या टेपा कपाटात ठेवून टिकत नाहीत. आमच्या हवेत लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटला मी पांढरी बुरशी धरलेली बघितलीय. स्पिरिटने पुसून एकदा चालवता येते, फार तर दोनदा. तुमच्या टेपा माझ्या कॅसेटीपेक्षा भारी असतील, तरी उतरवून घेण्याचं काम लांबवू नका. आणि फक्त मोबाइलवर टाकू नका, फ्री डिशवर संध्याकाळी लावा. वाडीतल्या निम्म्या घरांत महिन्याचे पैसे न लागणारी तीच डिश आहे, मीच बसवलीय.

तुमचं ठरलं आणि वेळ नक्की झाली की मात्र मे महिना संपायच्या आत कळवा. इथल्या बऱ्याच डिशचे नट-बोल्ट गंजलेत, कनेक्टर बदलायचेत, दोन-तीन वाड्यांत तोंडंच फिरलीत. हे सगळं मृगाच्या आधी व्हायला लागतं. सात जूननंतर कौलांवर शेवाळ धरतं आणि आता माझा गुडघा पूर्वीसारखा राहिलेला नाही. पाइप धरून अर्धा तास उभं राहणं जमायचं नाही.

आपला,
गोट्या आणणारे काका
ता. दापोली, जि. रत्नागिरी